अकरा काळ्या पँटी आणि पांढरा दोरा

१२ जुलै १९९३, सोमवार. रक्कम रुपये साडेचारशे: तीनशे डिपॉझिट आणि दीडशे पहिल्या महिन्याचं भाडं. हजर माणसं पाच: मी, माझे वडील, मास्टर, पडद्याआड मास्टरांची बायको म्हणजे चाची, आणि एक गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाची पँट मशीनवर होती, त्यामुळे ते लुंगी लावून स्टुलावर बसलं होतं आणि आमच्या व्यवहारात तोंड घालत होतं.

मास्टर म्हणजे लातुरातले आमचे घरमालक. धंदा शिंप्याचा. पुढे दुकान, मागे घर, आणि घराच्या बाजूला पत्र्याची एक खोली, जी ते कॉलेजच्या पोरांना देत. त्या वर्षी लातुरात खोली मिळणं म्हणजे नोकरी मिळण्यासारखं होतं. बारावीला मार्क पाडून देणारं गाव अशी त्याची ख्याती पसरली होती आणि चार-पाच जिल्ह्यांतली पोरं ट्रंका घेऊन उतरत होती. मी आलो होतो नायगावहून, अकरावी सायन्सला. खोली गेली तर सरळ परत नायगाव, हे वडिलांनी मला स्टँडवर उतरतानाच सांगून ठेवलं होतं.

पैसे घ्यायच्या आधी मास्टरांनी गळ्यातला टेप काढून माझ्या कमरेला गुंडाळला.

"सव्वीस," ते म्हणाले. मग टेप वडिलांच्या कमरेला लावला. "बत्तीस."

वडील एसटीत कंडक्टर होते. अंगाला हात लावलेला त्यांना खपत नसे. "आम्ही खोली बघाय आलोत, कपडे शिवाय न्हाई."

"मालूम हाय. पन नाव ध्यानात ऱ्हात न्हाई माझ्या. माप ऱ्हातं."

त्या दिवसापासून दोन वर्षं मी सव्वीस होतो. माझा खोलीतला जोडीदार उदगीरचा होता, त्याचं नाव तीस. स्टुलावरचं गिऱ्हाईक छत्तीस होतं, आणि त्याला त्याचा अभिमान होता.

मग मास्टरांनी अट सांगितली. "भाड्याला उशीर झाला तरी चालंल. नापास झाला तरी चालंल, माझं काय जातंय. पन रोज सांजच्याला मशीनीपाशी उभं ऱ्हायचं आन आज काय शिकला ते मला सांगायचं. मी चौथी पास हाय. मला कळंल असं सांगायचं. न्हाई कळलं तर उद्या परत सांगायचं. खोटं सांगितलं तर डिपॉझिट माझं, आन खोली खाली."

वडिलांना ही अट इतकी पटली की त्यांनी नोटा तीनदा मोजल्या. एरवी दोनदाच मोजत.

मास्टरांचा टेप गळ्यातून कधी उतरत नसे. जेवतानाही असायचा, त्याचं टोक वरणात बुडायचं. वेळ ते घड्याळात मोजत नसत, बॉबीनवर मोजत. मशीनच्या खालच्या दोऱ्याची गुंडी भरली की पोराने सांगायला सुरुवात करायची, ती संपली की थांबायचं. मी मोजून पाहिलंय. पँट चालू असेल तर एक बॉबीन साधारण पंचवीस मिनिटं जायची, शर्ट असेल तर तीस. काजं-बटनं चालू असतील तर बॉबीन संपतच नाही, म्हणून आम्ही काजं-बटनांच्या दिवशी सांगायला येणं टाळायचो. मास्टरांना ते समजलं तेव्हा आमच्या पाळीला त्यांनी मुद्दाम काजं ठेवायला सुरुवात केली.

आम्ही सांगत असताना ते मान वर करत नसत. मशीन चालू. मध्येच पाय थांबला की समजायचं, काहीतरी कळलेलं नाही. मग प्रश्न यायचा, आणि तो कायम एकच असायचा: "हे कुठं लागतं?"

एकदा मी त्यांना त्रिकोणमिती सांगत होतो. "कुठं लागतं?" मी म्हणालो, कुठंच लागत नाही, परीक्षेत येतं. त्यांनी मशीन सोडली, कापड तिरपं धरलं आणि खडूने रेघ मारली. "ह्याला उरेब म्हनत्यात. सरळ कापड ताणत न्हाई, उरेब ताणतं. किती तिरपं धरलं की किती ताणतं, हे मी तीस साल अंदाजानं करून राहिलो. तुझ्या पुस्तकात त्याचा आकडा आसंल." होता. पंचेचाळीस अंश. एवढा एक कोन मला आजही कापडावर दिसतो, बाकीचे विसरलो.

अभ्यासाला ते शिलाईचेच शब्द लावत. पहिल्यांदा वाचलेलं म्हणजे कच्चा टाका, तो अंगावर घालायचा नसतो. दुसऱ्यांदा, पुस्तक न बघता सांगितलेलं म्हणजे मशीनची शिलाई. आणि रविवार हा उसवायचा दिवस. त्या दिवशी ते मापं उतरवायचा खाकी कागद प्रत्येकापुढे टाकत. आठवड्यात शिकलेलं आठवेल तेवढं त्यावर लिहायचं, पुस्तक खोलीत बंद. जिथे कागद कोरा राहील तिथली शिवण सुटली, सोमवारी तिथून सुरुवात.

तीस हा पाठांतरवाला होता. तो इंग्रजीत धडाधडा म्हणायचा. पहिल्या दिवशी त्याने अर्धी बॉबीन श्वास न घेता म्हटलं. मास्टर म्हणाले, "हा तर रेडिओ हाय. बंद कर रे कुनी तरी." तीस चार दिवस रुसला. पाचव्या दिवशी त्याने मराठीत सांगायचा प्रयत्न केला आणि त्याच्या लक्षात आलं की आपल्याला त्यातलं काही माहीत नाही. शेवटी बोर्डात माझ्यापेक्षा एकोणीस मार्क त्यालाच जास्त पडले, हेही लिहून ठेवतो.

मास्टर जाऊन आता नऊ वर्षं झाली. सध्या माझी मुलगी लातुरात क्लासला आहे आणि मी नांदेडहून तिला रोज फोन करतो. आज काय शिकलीस ते मला कळेल असं सांग म्हणतो. माझ्याकडे मशीन नाही, म्हणून तोवर इस्त्री करतो. परवा विचारलं, "हे कुठं लागतं?" ती म्हणाली, "पप्पा, प्रवेश परीक्षेला लागतं." मास्टर असते तर काजं काढायला बसले असते.

आता पँटींचं.

ऑगस्टच्या शेवटी एके दिवशी मी फिजिक्सच्या क्लासला गेलो नाही. झोपलो होतो, दुसरं कारण नव्हतं. संध्याकाळी बॉबीन भरली आणि मी मशीनपाशी उभा राहिलो. पुस्तकात वाचलेलं एक वाक्य आठवत होतं: काळा रंग उष्णता जास्त शोषतो. ते एका मिनिटात संपलं. बॉबीनमध्ये चोवीस मिनिटं उरली होती. मास्टरांनी पाय थांबवला. "कुठं लागतं?"

मी इकडेतिकडे बघितलं. समोर काळ्या दोऱ्याचं रीळ होतं.

"दोऱ्याला," मी म्हणालो. "काळा दोरा उन्हात तापतो. तापला की कमजोर होतो. म्हणून काळी पँट उन्हात वापरली की शिवणीत सुटते. पांढऱ्या दोऱ्याने शिवली तर दुप्पट टिकेल."

"हे सरांनी सांगितलं?"

"हो. आज क्लासमध्ये."

मास्टरांनी काळं रीळ उचलून उजेडात धरलं. मग म्हणाले, "तीस साल झाले मला. काळी पँट लवकर उसवते, हे मी बघून राहिलो. कायनं उसवते ते आज कळलं." त्यांनी उठून माझ्या डोक्यावरून हात फिरवला. चाचीने मला त्या दिवशी शिरखुर्मा दिला, ईद नसताना. तो मी खाल्ला.

मला वाटलं, विषय संपला. पण मास्टर ऐकून सोडून देणाऱ्यांतले नव्हते. त्यांच्याकडे तेव्हा एक काळी पँट शिवायला होती. कंबर अडतीस. अडतीस म्हणजे आमचे फिजिक्सचे सर. पाच सप्टेंबरला त्यांच्या क्लासच्या नव्या हॉलचं उद्घाटन होतं आणि पँट त्यासाठीच होती.

सर पँट घालून बघायला आले तेव्हा मी इस्त्रीत कोळसे भरत होतो. आरशापुढे त्यांनी मागेपुढे वळून पाहिलं. खिशाची कड, चेनची पट्टी, कमरेच्या लुपा, सगळीकडे पांढरी शिलाई. अंधारात रस्त्यावरच्या पट्ट्या दिसाव्यात तशी.

"मास्टर, दोरा पांढरा कसा?"

"तुमचीच शिकवन हाय, सर." मास्टरांनी माझ्याकडे बोट केलं. "सव्वीसनं समदं सांगितलं. काळा दोरा तापतो, पांढरा टिकतो. तुमच्या पँटीपासूनच सुरू केलं म्हटलं."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी कोळशाकडे बघितलं. आता खोली गेली, असं मी मनात म्हणालो. दुकानात त्या वेळी तीन गिऱ्हाइकं होती आणि तिघंही सर काय म्हणतात याची वाट बघत होती. सरांच्या एका बॅचला एकशे ऐंशी पोरं बसत. कुठल्या बॅचला आपण काय बोललो हे त्यांना आठवत नसणार. आणि 'मला माहीत नाही' हे वाक्य त्यांच्या तोंडून कोणी ऐकलेलं नव्हतं.

"हं," सर म्हणाले. पुन्हा आरशात बघितलं. "तत्त्वतः बरोबर आहे."

उद्घाटनाला सर ती पँट घालून ट्यूबलाइटखाली उभे राहिले. शेवटच्या बाकावरून शिलाई मोजता येत होती. पुढच्या तीन आठवड्यांत मास्टरांकडे दहा पोरांनी काळी पँट टाकली आणि सर्वांनी पांढरा दोरा मागितला. सर घालतात म्हणजे त्यात काहीतरी असणार. अकरा पँटी झाल्या. मी रोज म्हणायचो, आज सांगू. आणि रोज मला नायगावची एसटी दिसायची.

मग भूकंप झाला.

गणपती विसर्जनानंतरची पहाट होती. लातूर शहरात आम्ही वाचलो. किल्लारीकडे काय झालं ते सर्वांना माहीत आहे, त्यावर मी लिहिण्यासारखं काही नाही. आमच्या घराला भेगा गेल्या आणि गल्लीतली सगळी माणसं शाळेच्या मैदानात राहायला आली. चादरींच्या हद्दी पडल्या. मास्टरांनी मशीनही बाहेर आणली आणि ताडपत्रीखाली गावाकडच्या पोरांसाठी झबली-फ्रॉक शिवायला घेतले. आमचं सांगणं तिथेही चुकलं नाही. गल्लीला फुकट करमणूक झाली.

अडचण एकच होती. मास्टरांची मुलगी बाळंतपणाला आलेली होती आणि बाळ वीस दिवसांचं होतं. मास्टरांनी त्याचंही माप घेतलं होतं: छाती साडेतेरा. पाऊस थांबत नव्हता. बाळाला सर्दी झाली. घरात जावं तर भेगा, बाहेर राहावं तर पाऊस. आणि मैदानात रोज नवी बातमी यायची की आज पुन्हा मोठा धक्का येणार.

बुधवारी सर स्कूटरवरून आले. पँट तीच होती. चाळीसेक माणसं जमली. सर म्हणाले, "शनिवारनंतर धोका नाही. निसर्गाचा नियमच आहे तो. निर्धास्त घरात जा. सोमवारपासून क्लास रेग्युलर सुरू."

मास्टर चाचीला म्हणाले, "झालं. शनिवारी आत जाऊ. अडतीस म्हनून राहिलेत."

मी दोन दिवस गप्प बसलो. हिशेब सोपा होता. बोललो तर डिपॉझिट आणि खोली जाणार. नाही बोललो तर ते बाळ शनिवारी स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून झोपणार, कारण पाळण्याची कडी तिथेच होती. शुक्रवारी संध्याकाळी माझी पाळी आली. बॉबीन भरली.

"मास्टर, सरांना माहीत नाही."

"काय माहीत न्हाई?"

"शनिवारचं."

"तुला माहीत हाय?"

"मलाही नाही."

"मंग त्यांना माहीत न्हाई, हे तुला कसं माहीत?"

तीन महिने रोज असल्या प्रश्नांपुढे उभं राहिलेल्या माणसाला थाप सुचत नाही. मी सांगितलं. त्या दिवशी मी झोपलो होतो. दोऱ्याचं तिथल्या तिथे बनवलं. सरांनी ते कधी शिकवलंच नव्हतं, तरीही ते तत्त्वतः बरोबर म्हणाले.

मशीन अर्ध्या शिवणीत थांबली. एरवी प्रश्नासाठी पाय थांबायचा तो शिवण टोकाला नेऊनच.

"किती पँटी झाल्या?"

"अकरा."

"अकरा," मास्टर म्हणाले. "अकरा लोकांला मी सांगितलं का टिकंल म्हनून. माझ्या तोंडानं." त्यांचा आवाज चढला नाही, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. "खोली खाली कर."

मागून चाची म्हणाली, "कौनसी खोली जी? सारा शहर खोली खाली करके बैठा है."

शेजारच्या चादरीवर कोणीतरी हसलं. मास्टर हसले नाहीत. गळ्यातला टेप त्यांनी बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"डिपॉझिट गेलं तुझं. खोलीचं खोलीत गेल्यावर बघू. आता भिंतीचं सांग. आत जायचं का न्हाई?"

"माहीत नाही."

"मंग माहीत करून ये."

शनिवारी सकाळी मी बांधकाम खात्याच्या ओव्हरसियरच्या रांगेत उभा राहिलो. तीन तासांनी माझा नंबर लागला आणि तो माझ्याशी दोन मिनिटं बोलला. संध्याकाळी मी मास्टरांना सांगितलं: भेगेवर कागदाची पट्टी आडवी चिकटवायची, तिच्यावर तारीख घालायची. भिंत सरकत असेल तर कागद फाटतो. नसेल तर तसाच राहतो. पंधरा-वीस दिवस बघायचं.

"हे कुठं लागतं?" मास्टर म्हणाले. त्यांच्या तोंडून ते सवयीने गेलं.

मी घराकडे बोट केलं. "तिथं."

खाकी कागदाच्या चौदा पट्ट्या कापल्या, मैद्याची खळ केली आणि चिकटवल्या. बाळ-बाळंतिणीला तीसच्या सोबतीने उदगीरला मास्टरांच्या जावयाच्या घरी पाठवून दिलं. तिकडे पत्र्याचं घर होतं.

शनिवारी काहीच झालं नाही. रविवारीही नाही. सोमवारी सरांचा क्लास सुरू झाला. शेजारची माणसं घरात गेली, कोरड्या अंथरुणात झोपली आणि सकाळी येऊन आम्हाला विचारू लागली की शिंप्याच्या कागदाने काय सांगितलं. मी मास्टरांना म्हणालो, "सर बरोबर निघाले की."

"झालं न्हाई, ते येगळं," मास्टर म्हणाले. "त्यांला माहीत नव्हतं, ते येगळं. दोन्ही एका धाग्यात ओवू नको."

बावीस दिवसांनी चौदापैकी बारा पट्ट्या शाबूत होत्या. दोन फाटल्या होत्या, दोन्ही स्वयंपाकघराच्या भिंतीवर. ती भिंत पाडून नवी बांधली आणि मग आम्ही आत गेलो. जुनी आणखी पन्नास वर्षं उभी राहिली असती का? माहीत नाही.

खोलीचं मास्टर पुढे काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. पण दहा पोरांना त्यांनी स्वतः निरोप पाठवून पँटी परत बोलावल्या. उसवायचं काम माझ्याकडे आलं. दाढीच्या अर्ध्या ब्लेडने पांढरा टाका एकेक करून काढायचा, कापडाला लागू न देता. एका पँटीला एक तास दहा मिनिटं. उसवता उसवता धडा सांगायचा. त्या दहा पँटींत माझं अर्धं फिजिक्स पक्कं झालं. परत काळ्या दोऱ्याने शिवायचं काम मास्टरांनी केलं. अकरावी पँट आली नाही. सर म्हणाले, ठीक आहे, असू द्या.

मे १९९५ मध्ये खोली सोडली. वडील सामान न्यायला आले. पुन्हा हजर तेच चौघं, गिऱ्हाईक सोडून. मास्टरांनी माझ्या कमरेला टेप लावला. "अठ्ठावीस." वडिलांच्या कमरेला लावला. "बत्तीस. हे बदलत न्हाईत."

वडिलांनी शेवटच्या महिन्याचे दीडशे मोजून दिले आणि सरळ विचारलं, "डिपॉझिटचे तीनशे?"

त्यांना मी काहीच सांगितलेलं नव्हतं. दोन वर्षं झाली होती. मास्टर एका शब्दाने ते मिटवू शकले असते, किंवा मला उघडं पाडू शकले असते. त्यांनी बॉबीन भरायला घेतली.

"अठ्ठावीस, सांग यांना. त्यांला कळंल असं सांग."

मी उभा राहिलो आणि सांगितलं. झोपेपासून पट्ट्यांपर्यंत. बॉबीन संपायच्या आत माझं संपलं.

"दोन वर्षं का न्हाई सांगितलंस?"

"खोली गेली असती म्हणून."

"गेली का?"

"नाही."

वडिलांनी मास्टरांकडे मान वळवली. "उसवून परत शिवायला पँटीला किती?"

"तीस."

"पँटी?"

"अकरा. पन परत आल्या दहाच."

"दहा तिसं तीनशे. तुमचे फिटले," वडील म्हणाले. "अकराव्या पँटीचे तीस राहिले, ते सरांचे."

तिथून आम्ही सामानासकट सरांच्या ऑफिसात गेलो. सरांपुढे दोन पालक प्रवेशासाठी बसले होते. वडिलांनी टेबलावर तीस रुपये ठेवले. सर म्हणाले, "हे कशाचे?" मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांची नजर त्या पालकांकडे गेली. "हं," ते म्हणाले, "बरोबर आहे," आणि नोटा कारकुनाकडे सरकवल्या. वडील कंडक्टर. पैसे दिले की तिकीट घेतल्याशिवाय ते हलत नसत. कारकुनाने पावती फाडली.

तेव्हा अखेर दिले गेले ते असे: मास्टरांना तीनशे, दहा पँटींचे, पावती नाही. सरांना तीस, पावती आहे, तपशील: नोट्सची झेरॉक्स.